चौदा हजार चारशे हेलकावे

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाशी उशुआइया नावाचं बंदर आहे. तिथून अंटार्क्टिकाकडे निघालेलं नव्वद मीटर लांबीचं, शंभरेक प्रवाशांचं जहाज बीगल सामुद्रधुनीतून बाहेर पडलं की पुढचे साधारण ४० तास उघड्या समुद्रात जातात. या पट्ट्याला ड्रेक पॅसेज म्हणतात. १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर वेगानं जहाज चालतं आणि अंदाजे दर १० सेकंदांनी एक लाट त्याच्या कुशीला येऊन भिडते. ४० तासांचे सेकंद होतात १,४४,०००. दहानं भागा. चौदा हजार चारशे. इतक्या वेळा जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलतं आणि इतक्या वेळा परत येतं.

हे कलणं सरासरी १० अंश धरू. ड्रेकच्या हिशेबात हा मध्यम दिवस झाला. जहाज ज्या आसाभोवती डोलतं त्याच्यापासून १२ मीटर वर, म्हणजे वरच्या डेकवरच्या केबिनमध्ये, एक माणूस अंथरुणाला खिळून पडला आहे. एका पूर्ण हेलकाव्यात तो दोन मीटर डावीकडे, तिथून चार मीटर उजवीकडे आणि पुन्हा दोन मीटर मध्यावर असा आठ मीटरांहून थोडा जास्त सरकतो. ४० तासांत त्याचा हा आडवा प्रवास १२० किलोमीटरांचा होतो. जहाज दक्षिणेला नऊशे किलोमीटर गेलं, ते वेगळं.

लहान जहाजानं खवळलेल्या समुद्रात जायचं ठरवलेली माणसं एकच प्रश्न विचारतात : लाटा किती उंच असतात? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. बोट लागणार की नाही, रात्री झोप मिळणार की नाही, कप्तान सरळ जाणार की वळसा घेणार, हे लाटेच्या मीटरांपेक्षा तिच्या सेकंदांवर जास्त ठरतं. एक माथा गेल्यावर दुसरा किती सेकंदांनी येतो, हा आकडा ज्याला कळला त्याला त्या ४० तासांचं निम्मं कोडं सुटलं असं मी मानतो.

आधी हा समुद्र इतका का उसळतो ते पाहू. पृथ्वीचा गोल हातात घेऊन ५८ अंश दक्षिण अक्षांशावर बोट ठेवा आणि गोल फिरवा. बोटाखाली जमीन लागतच नाही. या अक्षांशावर पृथ्वीचा घेर सुमारे २१,००० किलोमीटर आहे आणि तो पूर्णपणे पाण्याचा आहे. उत्तर गोलार्धात ५८ अंशांवर स्कॉटलंड आहे, स्वीडन आहे, रशिया आहे, अलास्का आहे. वाऱ्याला अडवायला डोंगर आहेत. दक्षिणेत पश्चिमेचा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत राहतो आणि लाटेला वाढायला हवा तेवढा पल्ला मिळतो. या सगळ्या पट्ट्यातली सर्वांत अरुंद जागा म्हणजे ड्रेक पॅसेज. दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची बेटं यांच्यात जेमतेम ८०० किलोमीटरांची फट उरली आहे.

याच फटीतून जगातला सर्वांत मोठा सागरी प्रवाह वाहतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सेकंदाला सुमारे १७.३ कोटी घनमीटर भरला. आपल्याकडे पाणी टीएमसीत मोजतात, म्हणून त्या भाषेत सांगतो : दर सेकंदाला सहा टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. हा प्रवाह ते सतरा-अठरा सेकंदांत काठोकाठ भरेल. जगातल्या सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र केलं तरी ते या प्रवाहाच्या शंभराव्या हिश्शाएवढंही होत नाही. आणि एवढा प्रचंड प्रवाह डेकवर उभ्या माणसाला जाणवतसुद्धा नाही, कारण पाण्याबरोबर जहाजही हळूहळू पूर्वेकडे वाहत असतं. जाणवतो तो वारा आणि त्यानं उठवलेल्या लाटा.

इथे भूगोलाची एक गोष्ट प्रवाशाच्या पोटावर उठते. वारा पश्चिमेचा, लाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या, आणि जहाजाला जायचंय दक्षिणेला. म्हणजे जाताना उजव्या कुशीवर आणि येताना डाव्या कुशीवर लाट. बहुतेक सागरी मार्गांवर लाट कधी समोरून येते, कधी मागून. ड्रेकमध्ये ती बहुतेक वेळ आडवीच येते.

आता लाटेचा हिशेब. खोल समुद्रात लाटेचा वेग आणि लांबी फक्त सेकंदांवरून काढता येते, उंची माहीत असायची गरज नाही. सेकंदांचा वर्ग करून १.५६ नं गुणलं की मीटरमध्ये लांबी मिळते. दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते आणि ताशी ५६ किलोमीटर वेगानं धावते. बारा सेकंदांची २२५ मीटर लांब, वेग ताशी ६७. सात सेकंदांची मात्र फक्त ७६ मीटर.

दोन दिवस कल्पा. दोन्ही दिवशी लाट सहा मीटर उंच. पहिल्या दिवशी बारा सेकंदांची, दुसऱ्या दिवशी सातची. पहिल्या दिवशी पाणी तळापासून माथ्यापर्यंत ११२ मीटरांच्या अंतरात सहा मीटर चढतं. हा सरासरी तीन अंशांचा चढ झाला, सायकलवाल्याला दम लावणारा पण सरळसोट. दुसऱ्या दिवशी तेच सहा मीटर ३८ मीटरांत चढायचे असतात. चढ नऊ अंशांचा होतो, माथे मोडून पांढरे होऊ लागतात, आणि जहाज एका लाटेतून सावरतंय तोवर दुसरी येते. सूचनाफलकावर दोन्ही दिवशी ‘६ मीटर’ एवढंच लिहिलेलं असेल. पहिल्या दिवशी जेवणघरात निम्म्या खुर्च्या भरलेल्या असतील, दुसऱ्या दिवशी चार-दोन.

अशा लांब लाटा कोकणच्या किनाऱ्यालाही येतात. दक्षिण महासागरात हिंदी महासागराच्या बाजूला वादळ झालं की त्याच्या लांब लाटा सुटतात. अठरा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे ५० किलोमीटरनं पुढे सरकतो आणि सहा-सात हजार किलोमीटर ओलांडून सहा दिवसांच्या आत आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतो. तेव्हा इथे वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असतं आणि पाणी मात्र अचानक वाळूवर चढतं. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र अशा लाटांचे इशारे देतं. त्या इशाऱ्यात उंचीशेजारी सेकंदही दिलेले असतात. ते वाचायची सवय किनाऱ्यावरच्या प्रत्येकानं लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

‘६ मीटर’ या आकड्यातही एक मेख आहे. लाटांच्या अंदाजात सांगितली जाणारी उंची म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. म्हणजे त्याहून उंच लाटा येणारच, आणि त्या किती येतील हेही मोजता येतं. दर हजार लाटांतली सर्वांत मोठी साधारण १.८६ पट असते : सहा मीटरच्या समुद्रात ११ मीटर. दहा सेकंदांच्या हिशेबानं हजार लाटा पावणेतीन तासांत जातात. दुपटीहून उंच लाट सरासरी तीन हजारांत एक, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ तासांनी. ४० तासांच्या प्रवासात अशा चार-पाच. त्या नेहमीच्या समुद्राचाच भाग आहेत. म्हणून ‘आता शांत झालंय’ असं म्हणत दोन्ही हातांत कॉफीचे पेले घेऊन जिना उतरू नये. अर्धा तास शांत गेला याचा अर्थ १८० लाटा बऱ्या गेल्या, एवढाच.

मोजलेल्या लाटांचं वरचं टोकही पाहून घेऊ. न्यूझीलंडच्या दक्षिणेला कॅम्पबेल बेटाजवळ ८ मे २०१८ रोजी एका तरंगत्या मोजणीयंत्रानं २३.८ मीटरची लाट नोंदवली. दक्षिण गोलार्धात मोजली गेलेली ती त्या वेळेपर्यंतची सर्वांत उंच लाट होती, सात-आठ मजली इमारतीएवढी. त्या वेळी सर्वसाधारण समुद्र १४.९ मीटरचा होता, म्हणजे ही लाट फक्त १.६ पट. खरी अवचित लाट वेगळी. १९९५ च्या १ जानेवारीला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर वायू-फलाटावर १२ मीटरच्या समुद्रात २५.६ मीटरची लाट नोंदली गेली. २००१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण अटलांटिकात ‘ब्रेमेन’ आणि ‘कॅलेडोनियन स्टार’ या दोन प्रवासी जहाजांना अशाच सुमारे ३० मीटरच्या लाटा लागल्या. दोन्ही जहाजांच्या ब्रिजच्या, म्हणजे कप्तान उभा राहतो तिथल्या, काचा फुटल्या. ‘ब्रेमेन’ची इंजिनं बंद पडून ते काही काळ वाहत राहिलं. दोन्ही जहाजं माणसांसकट बंदराला पोचली, हे मुद्दाम सांगतो, कारण असे आकडे ऐकल्यावर मनात नको ते चित्र आधी उभं राहतं.

मग इतका त्रास आहे तर मोठं जहाज का नको? तीनशे मीटरच्या जहाजाखाली १५६ मीटर लांबीच्या जवळजवळ दोन लाटा एकाच वेळी मावतात, ते फारसं हलत नाही. पण अंटार्क्टिकाच्या नियमांनुसार पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि कोणत्याही जागी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी जमिनीवर असू शकत नाहीत. पेंग्विनच्या वसाहती, शेवाळ, घरटी यांच्यासाठी हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. २०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार माणसं तिकडे गेली. नियम नसते तर त्या किनाऱ्यांचं काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. शंभर प्रवाशांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. चारशेंचं असेल तर पाळ्या लागतात. ज्याला त्या जमिनीवर उभं राहायचंय त्याला लहान जहाजाचे हेलकावे सोबत घ्यावेच लागतात.

लहान म्हणजे तरी किती लहान? १९१६ साली अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन आणि त्याचे पाच सोबती याच समुद्रातून ‘जेम्स केर्ड’ नावाच्या होडीतून गेले. होडीची लांबी ६.९ मीटर. २४ एप्रिलला एलिफंट बेट सोडलं, १० मे रोजी दक्षिण जॉर्जियाला लागले. तेराशे किलोमीटरांहून जास्त अंतर, सोळा दिवस. दहा सेकंदांच्या मापानं पाहिलं तर १ लाख ३८ हजार लाटा. होडी उलटू नये म्हणून तळात दगडगोटे भरलेले, वर चढणारा बर्फ कुऱ्हाडीनं फोडून काढावा लागत होता, नाही तर वजनानं ती बुडाली असती. दिशा ठरवणाऱ्या वर्स्लीला सोळा दिवसांत सूर्य चारदाच मोजता आला. मोजताना दुसऱ्यांनी त्याला धरून ठेवायचं, म्हणजे यंत्रासाठी दोन्ही हात मोकळे. एलिफंट बेटावर मागे राहिलेले सगळे २२ जण ३० ऑगस्टला सुखरूप सुटले.

आणि गोव्यात, मांडवीतल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत १७ मीटरची शिडाची बोट बांधली गेली, ‘म्हादेई’. कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून तिच्यातून एकटे निघाले, केप हॉर्नला वळसा घालून २०१० च्या मे महिन्यात मुंबईला परतले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच गोदीत नंतर ‘तारिणी’ झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून ड्रेक पॅसेज पार करून गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघून मे २०२५ अखेरीस त्या गोव्याला पोचल्या. त्यांच्या बोटीखालून गेलेल्या लाटांचा आकडा दहा लाखांच्या वर जातो. इतकी छोटी बोट लांब लाटेवर सबंध चढते आणि सबंध उतरते; तीन अंशांचा तो चढ तिला पेलतो. तिचा वैरी म्हणजे मोडणारा माथा. नव्वद मीटरच्या जहाजाची अडचण निराळी : ते लाटेवर पूर्ण मावण्याइतकं छोटं नाही आणि दोन लाटांवर पसरून राहण्याइतकं मोठं नाही.

त्यात भर म्हणून प्रत्येक जहाजाला स्वतःचे सेकंद असतात. शांत पाण्यात त्याला कुशीवर कलवून सोडलं तर ते ठरावीक वेळात डोलतं. सोळा मीटर रुंदीच्या या जातीच्या जहाजांना साधारण १० ते १२ सेकंद लागतात. समुद्राची लाटही दहाची आणि आडवी असेल तर प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते. कल दहा अंशांवरून पंधरावर जातो, पंधरावरून पंचविसावर. लाटा वाढलेल्या नसतात, ताल जुळलेला असतो.

कप्तानाचं सगळं कसब तो ताल मोडण्यात आहे. दहा सेकंदांची लाट जहाजानं समोरून घेतली तर १२ नॉटच्या वेगात ती दर ७.२ सेकंदांनी भेटते. पाठीवर घेतली तर १६ सेकंदांहून जास्त. पंचेचाळीस अंशांत तिरकी घेतली तर ७.८. समुद्र तोच, वारा तोच, फक्त सुकाणू वळलं आणि दहाचे आठ झाले. म्हणून ड्रेकमधली जहाजं नकाशावर कधी कधी नागमोडी जातात. पंचेचाळीस अंशांत चाललं तर दर शंभर किलोमीटर दक्षिणेसाठी १४१ किलोमीटर कापावे लागतात आणि पोचायला उशीर होतो. त्या उशिराबद्दल कुरकुरणाऱ्या प्रवाशाला हे गणित माहीत नसतं. रात्रभर जागून कप्तानानं आपल्याला झोपू दिलं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. पण त्यांची ताकद वेगाच्या वर्गानं बदलते. १२ नॉटचे सहा केले की ती चौथ्या हिश्शावर येते. वादळात समोरच्या लाटेवर आपटू नये म्हणून वेग कमी करावा लागतो, म्हणजे पंखांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते सर्वांत दुबळे असतात. लाटेशी ताकदीनं झगडायचं तर हिशेबच बसत नाही. सहा मीटर, दहा सेकंदांच्या समुद्रात लाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सुमारे १७५ किलोवॅट शक्ती वाहत असते. नव्वद मीटरच्या कुशीवर ती होते जवळजवळ १६ मेगावॅट. जहाजाची इंजिनं तीन ते पाच मेगावॅटची. लाटेची उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट होते.

आता केबिन. तिकीट काढताना सगळे खिडकी किती मोठी ते बघतात. बघायला हवं ते मध्यापासूनचं अंतर. खराब रात्री जहाजाची नाळ पाच अंश वर, पाच अंश खाली अशी आठ सेकंदांत एक फेरी करते असं धरू. मध्यापासून ३५ मीटर पुढे असलेल्या केबिनमधला पलंग सहा मीटर वर-खाली होतो. ६० किलो वजनाचा माणूस तळाशी ७१ किलोचा होतो आणि वर पोचला की ४९ चा; आठ सेकंदांनी पुन्हा ७१. तासाला ४५० वेळा. आठ तासांच्या रात्रीत त्याची नुसती चढण २२ किलोमीटर भरते, अडीच एव्हरेस्ट. त्याच जहाजात मध्यापासून पाच मीटरवर झोपलेल्याचा पलंग ८७ सेंटिमीटर हलतो आणि वजन साडेअठ्ठावन्न ते साडेएकसष्ट एवढ्यातच राहतं. भाडं बहुतेक वेळा खालच्या, मधल्या, छोट्या खिडकीच्या केबिनचं सर्वांत कमी असतं. पैसे वाचवून जास्त सुख मिळण्याची संधी प्रवासात क्वचित येते. इथे येते.

बोट लागण्याचंही माप आहे. ब्रिटनमध्ये लॉदर आणि ग्रिफिन या संशोधकांनी १९८० च्या दशकात ११४ सागरी फेऱ्यांतल्या २०,०२९ प्रवाशांची पाहणी केली. सात टक्क्यांना ओकाऱ्या झाल्या होत्या, एकवीस टक्क्यांना थोडंसं अस्वस्थ वाटलं होतं. अशा अभ्यासांतून एक सूत्र निघालं : उभ्या दिशेतल्या हिसक्यांची तीव्रता आणि किती वेळ ते सोसले, यांवरून किती टक्के माणसं ओकतील याचा अंदाज बांधता येतो. सर्वांत वाईट ताल पाच-सहा सेकंदांचा. त्याहून बराच जलद किंवा बराच संथ असेल तर शरीर जास्त सोसतं. वरच्या दोन केबिनना हे सूत्र लावून नुसत्या नाळेच्या वर-खाली होण्याचा हिशेब केला तर सहा तासांत पुढच्या केबिनमधल्या शंभरातल्या पासष्ट जणांना आणि मधल्या केबिनमधल्या नऊ जणांना ओकारी होईल. सबंध जहाज लाटेबरोबर उचललं जातं ते धरलं तर मधल्यांचा आकडा वाढतो, पण फरक मोठाच राहतो. ज्यांना त्रास होतो त्यांनी स्वतःला कमकुवत समजू नये. ‘बीगल’ जहाजावर डार्विनला जवळजवळ पाच वर्षांच्या सफरीत समुद्र सोसला नाही, मनुका आणि बिस्किटं एवढंच पोटात टिके. तरी त्यानं काय काम केलं ते जगाला ठाऊक आहे.

औषधात वेळेला किंमत आहे. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, नंतर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा बाहेर येते. घाटातल्या गाडीप्रवासासाठी आपल्याकडे घरोघरी असणारी अव्होमिन किंवा तशी दुसरी गोळी तासभर आधी घ्यावी लागते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी ७२ तास चालते, पण लावल्यापासून काम सुरू व्हायला चार तासांहून जास्त लागतात. हे द्रव्य धोतऱ्याच्या कुळातलं आहे. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, वयस्कर माणूस कधी गोंधळतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावूच नये. बीगल सामुद्रधुनीतून बाहेर पडायला पाच-सहा तास लागतात आणि तिथलं पाणी शांत असतं. पट्टी लावायची ती उशुआइयाच्या धक्क्यावर, जहाज सुटण्याआधी. सुंठीचाही अभ्यास झाला आहे : १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश पाहणीत ८० नौदल छात्रांना भर समुद्रात एक ग्रॅम सुंठ किंवा तशीच दिसणारी खोटी पूड दिली. सुंठ घेतलेल्यांत ओकाऱ्या आणि गार घाम स्पष्टपणे कमी होता. तेव्हा आलेपाकाचा डबा बॅगेत जरूर असावा. उपाशी राहू नये, पोटभरही जेवू नये. सुकं, थोडं, वारंवार.

बाकीचं शहाणपण हातापायांचं आहे. चालताना एक हात कायम कठड्यावर. दाराच्या चौकटीत बोटं कधी घालायची नाहीत. जहाजावरच्या जखमांत दारात चिरडलेली बोटं नेहमीची आहेत, आणि इस्पितळ शेकडो किलोमीटर दूर असतं. ताशी १०० किलोमीटर वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५० किलोचा दाब देतो. डेकवर उघडणारं दोन चौरस मीटरचं दार म्हणजे शंभर किलो. ते बंद ठेवतात ते उगाच नाही. सामान रात्रीच जमिनीवर ठेवावं. आंघोळ टाळावी, करायचीच तर बसून. पलंगाच्या बाहेरच्या कडेला गादीखाली जीवरक्षक जॅकेट खुपसलं की गादी भिंतीकडे कलते आणि माणूस त्या खोबणीत घट्ट राहतो. खलाशी हेच करतात.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, चिलीतल्या पुंता अरेनासहून विमान दोन तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरवतं. खरं आहे. ज्यांचं हृदय किंवा पाठीचे मणके साथ देत नाहीत त्यांनी तसंच जावं. पण तिथली धावपट्टी खडीची आहे, ढग खाली आले की विमान थांबतं आणि माणसं हॉटेलात बसून राहतात. हातपाय धड असतील तर समुद्रानं जावं असं माझं मत आहे. त्या ४० तासांत मधेच एका ठिकाणी, थोड्याच अंतरात, पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, हवेत गारवा भरतो आणि पहिला हिमनग दिसतो. विमानात हे कळत नाही.

शरीराला हेलकाव्यांची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ड्रेक दोनच दिवसांचा. म्हणजे जमू लागतं तोवर तो संपतो. परतीला तोच ड्रेक पुन्हा येतो. मधले पाच-सहा दिवस बेटांच्या आडोशाला शांत पाण्यात गेले तरी कमावलेल्या सवयीतलं थोडं उरतं, त्यामुळे येतानाचा प्रवास अनेकांना सोपा जातो. पण सवय झालेलं शरीर उशुआइयाला उतरल्यावर लगेच ती सोडत नाही. जमीन डोलते, न्हाणीघरात डोळे मिटले की तोल जातो. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत थांबतं. महिना झाला तरी थांबलं नाही तर मात्र डॉक्टर गाठावा. तोवर गाडी चालवू नये, जिना उतरताना कठडा धरावा, आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं काढू नये.